हरेश्वरची मावशी

श्रीपत तांब्याने हरेश्वरला दुसरं घर केलंय, ही कुजबूज आमच्या वाडीत उठली ती नळावर. नळावरून ती भातगिरणीत आली, गिरणीतून महाडच्या बाजारात, बाजारातून एस्टी स्टँडावर, आणि तिथून पोलादपूरची गाडी धरून थेट श्रीपतच्या सासुरवाडीला जाऊन उतरली. त्या काळी एस्टी वाटेत दोनदा तरी बंद पडायची. कुजबूज काही कुठे बंद पडली नाही. आणि गंमत बघा, ज्याच्याविषयी हे सगळं कानात तोंड घालून चाललं होतं, त्या श्रीपतला स्वतःला जन्मात कधी कुजबुजता आलं नाही.

त्याचं काय होतं, तो गिरणीत भात भरडायचा हलर चालवायचा. उंच, काटकुळा, भुवयांवर कायम भाताचा कोंडा. लांबून बघितलं तर म्हातारा वाटे, तोंड धुतलं की नवरदेव. मिसरूड फुटल्यापासून त्या डिझेल इंजिनाच्या शेजारी उभा राहिलेला माणूस. इंजिन ठकठकायचं, पट्टा फटफटायचा, आणि त्या सगळ्यावर आवाज चढवून श्रीपत गिऱ्हाइकांशी बोलायचा. पुढे पुढे इंजिन बंद असलं तरी त्याचा आवाज खाली येईना. तो रस्त्यात ‘जयभीम’ म्हणाला की समोरच्याच्या आधी छपरावरचे कावळे उठायचे. कान म्हणाल तर अजब. गोंगाटात समोरच्याच्या ओठांवरून सगळं बरोबर ओळखायचा. शांत जागी मात्र, ‘काय? काय म्हनलास?’ माझं शिलाईचं मशीन गिरणीसमोरच्या ओट्यावर होतं, म्हणून सांगतो. श्रीपतच्या घरात आज काय शिजलंय हे मला त्याच्या घरच्यांच्या आधी कळायचं.

अशा माणसाला बायको मिळाली मंजुळा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात जिथे घरं एकमेकांपासून लांब लांब असतात, तिथली पोर. आवाज इतका हळू की ती भाजीवालीशी घासाघीस करायला लागली की भाजीवाली उगाच घाबरायची, हिला बरंबिरं नाही की काय. लग्न झालं तेव्हा आमची बौद्धवाडी म्हणजे कुडाच्या भिंती आणि भिंतीला भिंत लागलेली घरं. एका घरात शिंकलं तर तिसऱ्या घरातून ‘सत्य हाय’ म्हणायचे. नव्या नवरीला श्रीपत संध्याकाळी मायेने विचारायचा, “मंजे, जेवलीस का गो?”

लगेच चारी बाजूंनी उत्तर यायचं, “जेवली, जेवली! तू झोप आता!”

आमटीत मीठ जास्त पडलं असं तो बोलला, तर शेजारची चंद्राबाई भिंतीपलीकडून ओरडली, “आमच्यात आळणी झालीया, वाटी घेऊन ये!” ही चंद्राबाई ध्यानात ठेवा. आमच्या वाडीचा रेडिओच ती, फक्त बंद करायला बटण नव्हतं. मी तिला तोंडावर सांगायचो, “चंद्राबाई, तुला सेल किती लागतात गो?” ती म्हणायची, “तुझ्या मशीनीला तेल लागतं तेवढंपन नाय लागत.”

मंजुळा सुरुवातीला पदर तोंडाला लावून हसायची. आम्हीही हसायचो. थट्टेचे दिवस होते ते.

पुढे तिला मुलगी झाली आणि ती जन्मतःच गेली. बाळंतिणीच्या खोलीत बायका. पुरुषमाणसं बाहेर. श्रीपतच्या हातात दिलं तेव्हा ते फडक्यात गुंडाळलेलं होतं, तोंड झाकलेलं. तसंच नेलं. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दिवेलागणीला, वाडीत चुली पेटलेल्या, सगळी माणसं घरात, आणि श्रीपत मंजुळाजवळ बसला. त्याला वाटलं तो हळूच विचारतोय.

“पोरगी कोनासारकी होती गो?”

सगळ्या वाडीने ऐकलं. कोणी उत्तर दिलं नाही त्या दिवशी. भांडी वाजायची थांबली तेवढी. मंजुळा तरी कशी बोलणार? हळू बोलली तर त्याला ऐकू जाणार नाही, आणि मोठ्याने बोलली तर वाडी ऐकणार. दुसऱ्या दिवशी नळावर चंद्राबाई तिला म्हणाली, “सांगायचं ना गो त्याला, बापासारकी होती म्हनून. तेवढंच बरं वाटलं असतं.” बाई वाईट मनाने बोलली नव्हती. पण मंजुळाने कळशी तशीच नळाखाली सोडली, घरी आली आणि त्या दिवसापासून घरात तोंड उघडायचंच बंद केलं. भाकरी हवी का, तर हाताने खूण. दिवा मालवू का, तर मानेने. असे पावसाळा आणि हिवाळा गेले. शिमगा झाला आणि ती माहेरी गेली ती आलीच नाही. सासूला तेवढं सांगून गेली, “आत्या, यांच्याशी एक शब्द बोलायचा तर सभा भरवावी लागते. मला नाय जमायचं.”

सासू म्हणजे जानकीबाई. कमी बोलणारी, जास्त बघणारी. तिने लेकाला समोर बसवलं.

“जा आनि तिच्याशी बोलून ये.”

“काय बोलू?”

“ते मला कशाला सांगतोस रे? तिला सांग. आनि असल्या जागी बोल जिथं तुमी दोघंच असाल.”

श्रीपत पोलादपूरला गेला. मंजुळाला घेऊन कशेडी घाटात चढला, म्हणजे सासुरवाडीच्या कानापासून लांब. एका वळणावर बसली दोघं. श्रीपतने घसा साफ केला आणि म्हणाला, “मंजे, माझं काय चुकलं?”

समोरच्या दरीने उत्तर दिलं, “चुकलंऽ... चुकलंऽ...” आणि खालच्या वळणावर चाक बदलत बसलेला ट्रकचा क्लीनर ओरडला, “चुकलं आसंल तर पाय धर ना भाऊ!”

हे मला कसं कळलं म्हणाल, तर तो क्लीनर महाडला चहाला थांबायचा आणि पुढे वर्षभर ज्याला त्याला ही गोष्ट सांगायचा. त्याने आणखी एक सांगितलं, ती बाई हसली म्हणून. कित्येक महिन्यांनी हसली. श्रीपतला तेवढ्याने धीर आला. घाट नको तर पाणी बघू, म्हणून पुढच्या आठवड्यात तो तिला दासगावला खाडीवर घेऊन गेला. दुपारची वेळ, पाणी तेलासारखं निवांत. श्रीपतला हे कुठे ठाऊक की निवांत पाण्यावरून आवाज असा सरकत जातो. तो म्हणाला, “मंजे, तुला माझ्यासंगं ऱ्हायाचंय का नाय?” तर पलीकडच्या काठावरून वाळूच्या होडीतला कोणीतरी हात वर करून ओरडला, “मी येतो! मला ने!”

मंजुळा परत माहेरी. श्रीपत परत आईपुढे.

जानकीबाईने बराच विचार केला. मग म्हणाली, “डोंगर झाला, खाडी झाली. आता असं कोन तरी बघ जे तुझ्यापरीस मोठ्यानं बोलतंय.”

“इंजिन बोलतं.”

“मग तिला घेऊन इंजिनाजवळ बस.”

“तिथं गिऱ्हाइकं असतात, आये!”

हे शेवटचं वाक्य मी माझ्या ओट्यावर बसून ऐकलं. जानकीबाईची वाक्यं मला पुढे बऱ्याच वर्षांनी तिच्याकडूनच कळली.

मग श्रीपतने समुद्र काढला. आणीबाणी उठली त्या सुमाराची ही गोष्ट. पावसाळ्याच्या बेगमीचं भात भरडून झालं की मिरगाच्या आधी मालक इंजिन खोलायला काढायचा. चार दिवस गिरणी बंद. त्या चार दिवसांत समुद्रावर जायचं, असं श्रीपतने जाहीर केलं. जाहीर म्हणजे तो आपला मला एकट्याला सांगत होता. पण बाजारपेठ जमली.

आता तुम्हाला हे नवल वाटणार नाही. आज महाडच्या रस्त्याने शनिवार-रविवार गाड्यांची रांग लागते, चालली सगळी बीचवर. कुठे जायचं ते फोनवर बघतात, जेवण चांगलं का, खोली थंड का. आमच्या वेळी हवा खायला जाणं हा प्रकार साहेबलोकांचा. बाकी माणूस गावाबाहेर निघाला की एकच प्रश्न: “तिथं तुमचं कोन?” लग्न, मयत, बाळंतपण, बारसं, यातलं काही असेल तर माणूस जातो. आणि जातो तो माणसाकडे. जागेकडे कोणी जात नसे. त्यामुळे श्रीपतला सल्ले आले तेसुद्धा माणसांचेच.

“श्रीवर्धनला जा. माझा साडू हाय तिथं, बंदरावर.”

“दिवेआगरला जा रे. आमच्या चुलत्याची मुलगी दिलीया तिकडं.”

“मुंबईला जा की. चौपाटीबी हाय आनि माझा भाऊबी हाय.”

श्रीपत प्रत्येकाला एकच उलटा प्रश्न करी, “तिथं लाट कशी हाय? आवाज येतो का?”

लोक एकमेकांकडे बघायचे. मी म्हणालो, “श्रीपत, तू समुद्र बघायला चाललास का गाणं ऐकायला?” श्रीवर्धनची वाळू कशी मऊ, दिवेआगरची माडांची सावली कशी दाट, कशाने त्याचं समाधान होईना. शेवटी सुकी मासळी घेऊन बाजाराला येणारी आवडी कोळीण टोपली उतरवून म्हणाली, “आवाज पायजे तर हरेश्वरला जा, दादा. मिरगाच्या तोंडाला तिथल्या कातळावर उभा ऱ्हा. मी तुझ्या कानाशी बोंब मारली तरी तुला आयकू नाय येयाची.”

“तिथंच जातो,” श्रीपत म्हणाला. साडू, चुलत्याची मुलगी, मुंबईचा भाऊ, सगळे बाद.

हरेश्वर म्हणजे हरिहरेश्वर. सावित्री जिथे समुद्राला मिळते तिथलं. देवाचं ठिकाण, लोक नवसाला जातात, पितरांचं करायला जातात. आणि इथेच घोळ झाला. गिरणीत तेव्हा भिकाजीबाबा बसले होते. वाडीतले सगळ्यांत वडील, दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडून आलेला माणूस. ते काठी आपटून उठले.

“श्रीपत! पोर गेली म्हनून नवस करायला चाललास? धर्म घेतला तो देव्हारा पुन्हा भरायला?”

“नाय बाबा!”

“मग हरेश्वरला तुझं कोन हाय?”

सगळे बघायला लागले. श्रीपतच्या तोंडावरचा कोंडा घामाने ओघळला. देवाला नाही म्हणायचं, तर माणूस पाहिजे. माणूस नाही, तर देवालाच चाललाय. तिसरं काही असू शकतं हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं, त्याच्याही नव्हतं.

“मावशी!” तो ओरडला. “मावशी हाय माझी तिथं!”

तहसील कचेरीपर्यंत गेलं ते.

आता मावशी म्हणजे आईची बहीण. लपवणार कुठे? चंद्राबाईने पायात चपलासुद्धा घातल्या नाहीत, सरळ जानकीबाईच्या ओट्यावर.

“जानके, तुला हरेश्वरला भैन हाय? आमाला कशी नाय ठाव?”

जानकीबाई तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही.

“हाय. धाकटी.”

“कशी हाय गो दिसायला?”

“अंगानं दांडगी. एका जागी बसायची नाय. सारखी पुढं येनार, मागं जानार.”

“सोभावानं?”

“बडबडी. तिच्यापुढं दुसऱ्याचं कायबी आयकू नाय येत. तुझंबी नाय यायचं.”

चंद्राबाईला हे जरा लागलं. पण बहिणीचं एवढं वर्णन दुसरं कोण करणार? मावशी नक्की झाली.

श्रीपत पोलादपूरला जाऊन मंजुळाला म्हणाला, “एकदा चल. नाय जमलं तर मी तुला परत आनून सोडतो, पुन्ना बोलावनार नाय.” दोघं एस्टीत बसून गोरेगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत गेली. हरेश्वरच्या शाळेला सुट्टी होती. तिथल्या बौद्धवाडीतल्या लोकांनी शाळेच्या पडवीत पथारी टाकायला दिली आणि पाण्याची कळशी आणून ठेवली. इंजिन जोडून गिरणी सुरू झाली त्या सकाळी श्रीपत हजर. आणि संध्याकाळी मी उठून त्याच्या घरावरून गेलो, उगाच. ओट्यावर मंजुळा भाकऱ्या थापत होती. मला बघून म्हणाली, “बसा ना, भावजी.” हळूच म्हणाली. पण म्हणाली.

तेव्हापासून दरसाल मिरगाच्या आधी दोघं मावशीकडे. कोळीसुद्धा होड्या वर ओढून घेतात त्या दिवसांत ही निघायची समुद्राला. परत येताना मंजुळाच्या टोपलीत सुके बोंबील, आमसुलं. “मावशीनं दिली.” मग वाडीतूनही मावशीला जायला लागलं. कोणी पापड दिले, कोणी नाचणीचं पीठ, एका म्हातारीने गोधडी शिवून दिली, “तुझ्या मावशीला समुद्रावर गार लागत आसंल.” ती गोधडी शाळेच्या पडवीत बरीच वर्षं कामाला आली म्हणतात. मावशीचे गुडघे दुखतात म्हणून मी स्वतः तेलाची बाटली पाठवली होती. तब्येत विचारली की श्रीपत गावाला ऐकू जाईल असं सांगायचा, “बरी हाय! तुमची आठवन काढते!” माझी आठवण काढणारी एवढी एकच बाई, म्हणून मीही खूश असायचो.

पुढे त्यांना मुलगा झाला. त्यालाही कडेवर घेऊन जायची. सगळं सुरळीत चाललं असतं. पण चंद्राबाईला राहवेना. एवढी वर्षं मावशी आहे, आणि आपण तिला पाहिली नाही म्हणजे काय? एका वर्षी श्रीपत आणि मंजुळा सकाळी स्टँडवर गेली, तर चंद्राबाई गाठोडं घेऊन गाडीत आधीच बसलेली. “मीबी येते. जानकीच्या भैनीला भेटायचं हाय.” श्रीपतने काय करावं? उतर म्हणाला तर स्टँडभर तमाशा. त्याने तिचंही तिकीट काढलं. मंजुळा खिडकीबाहेर बघत बसली, ती थेट म्हसळ्यापर्यंत.

हरेश्वरला उतरल्यावर चंद्राबाईने विचारलं, “घर कुठंय मावशीचं?” श्रीपत म्हणाला, “गावाला गेली आसंल.” कोण गावाला गेलं, कुठल्या गावाला, काही नाही. गाठोडी शाळेच्या पडवीत ठेवली. मुलाला चंद्राबाईजवळ बसवलं आणि दोघं कातळाकडे चालायला लागली. चंद्राबाई थोडीच बसणार? पोराला काखेत मारून मागोमाग.

देवळाच्या वाटेपासून लांब, गावाच्या दुसऱ्या अंगाला तो कातळ. पावसाआधीचा समुद्र. लाट यायची, आपटायची, आणि अंगावर तुषार यायच्या आधी आवाज यायचा. चंद्राबाई चार हातांवर जाऊन बसली. पुढे श्रीपत आणि मंजुळा, एकमेकांकडे तोंड करून. श्रीपत बोलत होता, हात हलत होते, मानेच्या शिरा फुगलेल्या दिसत होत्या, म्हणजे नेहमीच्याच आवाजात बोलत होता. चंद्राबाईला एक अक्षर कळेना. मग मंजुळा बोलली. खूप वेळ बोलली. श्रीपत तिच्या तोंडाकडे बघत होता आणि माना डोलावत होता. मध्येच तिने डोळे पुसले. मध्येच हसली, आणि हसताना तिने श्रीपतच्या भुवईवरचा कोंडा काढल्यासारखं बोट फिरवलं. चंद्राबाई दोनदा जवळ सरकली, दोनदा भिजली. ज्या बाईला कुडापलीकडची उसासे टाकायची पद्धतसुद्धा ओळखू यायची, तिच्यासमोर एवढं बोलणं झालं आणि पदरात काही पडलं नाही. तिला केवढा त्रास झाला असेल, आजही मला तिची कीव येते. म्हणजे, येते आणि हसूही येतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. चंद्राबाईने गावात चौकशी केली. तांब्यांची मावशी? जानकीबाईची बहीण? कोणाला ठाऊक नाही. घर नाही, दार नाही, मावशी नाही.

आता तुम्ही-मी काय समजू? की मावशी खोटी. चंद्राबाई त्याच्याही पुढे गेली. वाडीत परत आली आणि नळावर तिने हिशेब मांडला: “मावशी नाय, हे मी माझ्या डोळ्यांनी बघून आले. मग हा दरसाल जातो कोनाकडं? कोनीच नाय तिथं मानूस जाईल कशाला? म्हंजे कोन तरी हाय. मंजुळा तिथं रडत होती, हेबी बघितलं. आता तुमीच समजा.”

लोक समजले. त्यांना फार समजवावं लागत नाही.

कुजबूज सासुरवाडीला पोचली तेव्हा मंजुळाचा भाऊ महादू सुट्टीवर आलेला होता. मुंबईला गोदीत होता, अंगाने आडवा, बोलणं अर्धं हिंदी. तो पहिल्या गाडीने महाडला आला आणि श्रीपतच्या दारात उभा राहिला.

“क्या लफडा है हा, दाजी? माझी भैन रडते आनि तुमी समुद्रावर मज्जा मारता? मंजे, बांध कपडे. चल!”

वाडी गोळा झाली. भिकाजीबाबांना खुर्ची आणली. जानकीबाई उंबऱ्यात उभी. मी पायमशीनवरचं काम तसंच टाकून पळत आलो. एका पायात चप्पल नव्हती ते घरी गेल्यावर कळलं. भिकाजीबाबांनी काठी पुढे टेकवली.

“श्रीपत, एकदा मी तुला विचारलं होतं. पुन्ना विचारतो. हरेश्वरला तुझं कोन हाय?”

श्रीपतने तोंड उघडलं. आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाचा आवाज फुटला नाही. खरं सांगायचं तर कातळावरचं सगळंच इथे आणावं लागणार होतं, आणि तेही त्याच्या आवाजात. महादूने मंजुळाचा हात धरला. पोरगं तिच्या पदराला लोंबकळत होतं.

मंजुळाने हात सोडवून घेतला.

“दादा, आमचं तिथं कोन नाय.”

ती इतकी हळू बोलली की सगळी वाडी पुढे वाकली.

“काय म्हनाली?” मागून कोणीतरी विचारलं.

“आमचं तिथं कोन नाय,” ती पुन्हा म्हणाली. “म्हनून जातो.”

आणि आत जाऊन तिने चुलीवर चहाचं आधण ठेवलं, कारण भाऊ प्रवासातून आला होता.

महादू दाराशी उभाच. “म्हंजे क्या?” तो जानकीबाईला म्हणाला. जानकीबाई म्हणाली, “म्हंजे च्या घे आनि जा.” त्याने चहा घेतला, भाच्याला खाऊला काहीतरी दिलं आणि दुपारच्या गाडीने गेला. भिकाजीबाबा उठताना एवढंच म्हणाले, “नवस नाय ना? मग बास.” चंद्राबाईला मात्र काही पटलं नाही. मरेपर्यंत ती सांगत राहिली, हरेश्वरला श्रीपतचं कोणीतरी आहे, मंजुळा भोळी म्हणून झाकते. बरेच जण अजून तसं धरून चालतात. गोष्ट म्हणून ती जास्त चांगली आहे, हे मीही मान्य करतो.

मिरगाआधी पुढच्या वर्षी स्टँडवर तिघांच्या जोडीला चौथी होती, जानकीबाई. “भैनीला बघून येते,” म्हणाली. आल्यावर मी विचारलं, “कशी हाय बहीण?” तर म्हणाली, “सांगितलं होतं तशीच. बडबडी.” आणि तेव्हा ओट्यावर बसून तिने मला इंजिनाचं, कशेडीचं आपल्या बाजूने सगळं सांगितलं.

गिरणी आता नाही. तिच्या जागी मोबाईलचं दुकान आहे आणि आत गिऱ्हाइकं हळू आवाजात बोलतात. श्रीपत जाऊन पुष्कळ वर्षं झाली. गेल्यावर पहिल्यांदा वाडी खरी शांत झाली आणि ती शांतता पहिले काही महिने कोणालाच सोसेना. संध्याकाळी जेवताना उगाच कान भिंतीकडे जायचा. मंजुळा मुलाकडे पनवेलला असते. मागे एका लग्नात भेटली. मी तिला छेडलं, “वहिनी, आता तरी सांगा, मुलगी कोणासारखी होती ते तुम्ही त्याला सांगितलंत का?” ती म्हणाली, “सांगितलं.” पुढे मी विचारलं नाही, आणि मी न विचारलेली ती जगातली एकच गोष्ट असेल.

हरेश्वरला श्रीपतचं दुसरं घर नव्हतं. बाई नव्हती, मावशीही नव्हती. त्याला हळू बोलता येत नव्हतं, आणि तिथल्या लाटांचा आवाज त्याच्या आवाजापेक्षा मोठा होता.